खडकावर पाऊल उमटत नाही

अश्मक ग्रहावरचा तिसरा संशोधक नाहीसा व्हायचा होता. तो झालाही. फक्त त्याच्या डोळ्यांच्या जागी दोन काळे भुंगे हवेत तरंगत राहिले.

"कट! अरे कट!" दिग्दर्शक अद्वैत रणपिसे छत्रीखालून ओरडला. "हेमांगी, तुझा नवरा गायब झालाय आणि डोळे इथेच विसरलाय!"

सगळं युनिट हसलं. पोशाख विभाग सांभाळणाऱ्या हेमांगीलाही हसू आलं, पण ते ओठांवरच थांबलं. ते भुंगे होते त्या बाजूने हसण्याचा आवाज आला नव्हता. एरवी अशा वेळी सगळ्यांत आधी तिचा नवरा सौमित्रच हसायचा.

निघोजपाशी कुकडी नदीच्या पात्रात चित्रीकरण चाललं होतं. मे महिन्यात नदी अशी नव्हतीच. होता तो मैलभर पसरलेला काळा खडक, आणि त्या खडकात पडलेले रांजणखळगे. पुराच्या पाण्यात गोटे एकाच जागी गरगर फिरत राहतात आणि हजारो वर्षांत खडक कातून त्यात रांजणाएवढे खळगे पाडतात. काही गुडघाभर, काही दोन पुरुष खोल, तळाशी हिरवं साचलेलं पाणी. जीवसृष्टी नुकती कुठे रांगायला लागलेला आदिम ग्रह दाखवायला याहून चांगली जागा सापडली नसती.

'क्षितिजयान' ही मालिका त्या वर्षी घरोघर पाहिली जात होती, आणि त्याला कारण कथा नव्हती. यंत्राने रचलेल्या चित्रांचा लोकांना वीट आला होता. कुठलाही चेहरा, कुठलाही डोंगर, कुठलंही युद्ध, यंत्राला नुसतं सांगायचा अवकाश की तयार. त्यामुळे डोळ्यांना दिसणाऱ्या कशाचंच कुणाला काही वाटेनासं झालं. मग काही निर्मात्यांनी उलटी वाट धरली. जे दिसतंय ते कॅमेऱ्यासमोर खरोखर घडलेलं आहे, नंतर कुणी त्याला हात लावलेला नाही, अशी ग्वाही देणारा शिक्का त्यांच्या कार्यक्रमांवर झळकू लागला. त्यासाठी एक तपासनीस सेटवर दिवसभर बसून असायचा. लोक आता पुन्हा श्वास रोखून बघू लागले.

पण माणूस खरोखर नाहीसा कसा करायचा?

त्याचं उत्तर डॉ. यास्मिन पटवेकरने आणलं होतं. पुण्याजवळच्या एका प्रयोगशाळेत तिने सात वर्षं खपून एक कापड विणलं होतं. ओढ्याचं पाणी दगडापाशी दुभंगतं, त्याला वळसा घालतं आणि पलीकडे पुन्हा असं एक होतं की खालच्या अंगाला उभ्या असलेल्या माणसाला वर दगड आहे हे कळूही नये. हे कापड प्रकाशाला तसा वळसा घालायला लावायचं. केसाहून बारीक तंतू एका बाजूने आलेला किरण उचलत, अंगाभोवती फिरवून दुसऱ्या बाजूला त्याच दिशेने सोडून देत. बघणाऱ्याला माणसामागचा खडक दिसे, माणूस दिसत नसे. अगदी हाताच्या अंतरावरून पाहिलं तरच जाड भिंगाच्या चष्म्यातून दिसावं तसं पलीकडचं थोडं वाकडं दिसायचं.

यास्मिनने पहिल्याच दिवशी हेमांगीला दोन गोष्टी समजावल्या होत्या. "प्रकाश जर अंगाला वळसा घालून गेला, तर तो आत येत नाही. म्हणजे आतला माणूस ठार आंधळा. म्हणून डोळ्यांपाशी मी टाचणीच्या डोक्याएवढी भोकं ठेवली आहेत. आणि दुसरं, उष्णता. ऊन त्याला लागत नाही, तेही वळसा घालून जातं. पण माणूस म्हणजे एक लहानशी भट्टीच असतो, आणि वीण इतकी घट्ट आहे की या भट्टीला धुरांडं नाही. फार वेळ कुणाला आत ठेवायचं नाही."

पहिले दोन संशोधक दुरून नाहीसे झाले होते, त्यामुळे भोकं कुणाला दिसली नव्हती. तिसरा मात्र कॅमेऱ्याच्या पुढ्यातून जायचा होता. ओल्या वाळूवर फक्त त्याची पावलं उमटत जाणार, पुढे खडक लागला की तीही थांबणार, आणि कप्तान झालेली नटी त्या शेवटच्या पावलापाशी उभी राहून त्याचं नाव घेत हाका मारणार, असं दृश्य होतं.

"भोकं शिवून टाक," अद्वैत म्हणाला.

"मग त्याला काहीच दिसणार नाही," यास्मिन म्हणाली.

"चार पावलं तर चालायची आहेत. वाळूखाली दोर पुरलाय, तो पायाला लागत राहील. दोर खडकाला वळसा घालून मागे जातो, तिथे तुझा माणूस उभा आहे. बाहेर काढायचं, संपलं."

यास्मिनने हेमांगीकडे पाहिलं. हेमांगीने सुई-दोरा हातात घेतला.

त्या दिवशी तिचं मन थाऱ्यावर नव्हतं. सकाळी ती तंबूत पोशाखांना इस्त्री करवून घेत होती, तेव्हा अद्वैत आत आला होता. इस्त्रीवाल्याला त्याने चहाला पाठवलं आणि म्हणाला, "पुढच्या पर्वासाठी मापं घेशील तेव्हा सौमित्रचं माप घेऊ नकोस."

"म्हणजे?"

"पहिले दोघं परत येतात. तिसरा येत नाही."

हेमांगीच्या तोंडून एकदम निघून गेलं, "खरं सांगू? सुटले मी. दोन पर्वं झाली, मी तुझ्यापाशी त्याच्यासाठी शब्द टाकतेय. आता त्याच्याकडून होत नाही, मला दिसतं ना ते. तो कॅमेऱ्यासमोर उभा राहिला की मी दुसरीकडे बघते."

"तू सांगशील त्याला?"

"आज नको. आजचा शॉट होऊन जाऊ दे."

तेवढ्यात तंबूच्या दाराचा पडदा हलला होता. वारा असेल म्हणून तिने उठून त्याला चिमटा लावला होता.

आता सौमित्र तिच्यासमोर खुर्चीवर बसला होता. बसला होता म्हणजे खुर्ची रिकामीच दिसत होती. फक्त तिची कापडी बैठक वजनाने खाली गेलेली होती, आणि वर ते दोन काळे ठिपके तरंगत होते. चाचपडत तिने त्याचं कपाळ शोधलं. हूडच्या मागच्या बाजूला कड्या होत्या, त्या बाहेरूनच लागत आणि बाहेरूनच निघत. हातमोजे बाह्यांना जोडलेले होते, बोटं वेगळी नसलेले. कापडातल्या धातूच्या तारांमुळे आत संदेश शिरत नसे, म्हणून कानात यंत्रही नव्हतं.

"आधी उजवा शिवू की डावा?" तिने विचारलं.

"कुठलाही." हूडमधून आवाज बंद डब्यातून आल्यासारखा आला.

भोकाच्या आत डोळ्याची ओली चमक तेवढी दिसत होती. ती तिच्याकडेच बघत होती. हेमांगीने पहिला टाका घातला.

"भीती वाटतेय का?"

"तू आहेस की बघायला," तो म्हणाला.

तिने दुसरा डोळा शिवला आणि दोरा दातांनी तोडला.

या वेळी दृश्य एका फटक्यात उत्तम झालं. ओल्या वाळूवर एक पाऊल उमटलं, मग दुसरं, मग तिसरं. कुणी नाही, आणि पावलं चालली आहेत. तपासनीससुद्धा खुर्चीतून उठून उभा राहिला. वाळू संपली, पावलं थांबली. कप्तान धावत आली, शेवटच्या पावलापाशी गुडघ्यावर बसली आणि तिने हाक मारली. अद्वैतने मुद्दाम कट म्हटलं नाही. रिकामा खडक आणि मागे खळग्यांची काळी तोंडं तो बराच वेळ टिपत राहिला. मग टाळ्या पडल्या.

टाळ्यांच्या मधेच खडकामागून यास्मिनच्या मदतनीसाचा आवाज आला, "इकडे आलेच नाहीत ते!"

"चेष्टा करत असेल," अद्वैत हसत म्हणाला. "सौमित्र! ये बाबा, शॉट ओके!"

कुणी आलं नाही.

हेमांगी खडकाच्या टोकापर्यंत गेली. वाळूखालचा दोर तिने पायाने चाचपला. दोर उजवीकडे वळत होता. शेवटची दोन पावलं मात्र वळली नव्हती. ती दोरावरून उतरून सरळ पुढे गेली होती, आणि सरळ पुढे खळगे होते.

"सौमित्र!" तिने हाक मारली. उन्हाने तापलेल्या खडकावर हवा थरथरत होती. यास्मिनने सांगितलं होतं की जवळून नीट बघितलं तर कापडाच्या कडा किंचित लहरतात. इथे सगळं पात्रच लहरत होतं.

यास्मिन धावत आली. "जनरेटर बंद करा! सगळे गप्प!"

जनरेटर बंद पडला. साठ-सत्तर माणसं जागच्या जागी उभी राहिली. दूर कुठेतरी टिटवी ओरडली. बाकी काही नाही.

"ड्रोन उडव ना," अद्वैत म्हणाला. "उष्णता टिपणारा कॅमेरा आहे त्याला."

"त्याची उष्णता बाहेरच पडत नाही, अद्वैत. कॅमेऱ्याला दिसणार काय?" यास्मिन म्हणाली.

मग माणसांनी हातात हात धरून साखळी केली आणि चाचपडत खडकावर सरकू लागली. पुढच्या माणसांच्या हातात लाइटच्या स्टँडचे दांडे होते. दांडा हवेत फिरवायचा, काही लागतंय का बघायचं, मग पाऊल टाकायचं. पण खळग्यांच्या मधल्या भिंती कुठे कुठे वीतभर रुंदीच्या होत्या. एका लाइटमनचा पाय घसरला. दोघांनी ओढलं म्हणून तो वाचला. साखळी तिथेच थबकली.

"रुसलाय तो," अद्वैत कपाळ पुसत म्हणाला. त्याचा आवाज आता हसरा नव्हता. "रुसून बसलाय कुठेतरी. येईल आपणहून."

"रुसायला काय झालंय त्याला?" हेमांगी म्हणाली.

यास्मिनने वळून तिच्याकडे पाहिलं. "सकाळी भेटला नाही का तो तुला? मी सूट नीट बसतोय का बघायला त्याला घातला होता, तेव्हा म्हणाला, जरा हेमाला दचकवून येतो. तुझ्या तंबूकडेच गेला होता. परत आला तेव्हा काही बोलला नाही. मला वाटलं, गरम झालं असेल."

हेमांगीला तंबूचं दार आठवलं. पडदा हलला होता. तिने चिमटा लावला होता, बहुधा त्याच्या पाठोपाठच. त्यानंतर तो खुर्चीवर बसला, आणि तिने त्याचे डोळे शिवले, आणि तो म्हणाला, तू आहेस की बघायला.

"किती वेळ तग धरेल?" तिने विचारलं.

यास्मिनने घड्याळाकडे पाहिलं.

हेमांगीने सहायकाच्या हातातला भोंगा हिसकून घेतला. अख्खं युनिट बघत होतं, कप्तान झालेली नटी बघत होती, गावातून बघायला आलेली माणसं काठावर उभी होती. तिला कुठे तोंड करून बोलावं तेही कळेना.

"सौमित्र, मी आहे. जिथे असशील तिथे खाली बस. एक पाऊलही टाकू नकोस. सगळीकडे खळगे आहेत. बस खाली." तिने श्वास घेतला. "सकाळचं तू ऐकलंस. मी बोलले ते. खोटं कशाला सांगू? तुझ्या तोंडावर बोलायला पाहिजे होतं, तेवढी हिंमत झाली नाही. तुझं काम चांगलं होत नाही म्हणून मला त्रास होतो, हे खरंय. पण म्हणून काय— काम जाऊ दे खड्ड्यात!"

शब्द निघाला आणि तिने जीभ चावली. भोंग्यातून तो पात्रभर घुमला आणि पलीकडच्या काठावरून परत आला. कुणी हसलं नाही.

"बस खाली," ती पुन्हा म्हणाली, या वेळी भोंगा बाजूला करून.

काहीच हललं नाही.

मागे रस्त्यालगत पाण्याचा टँकर उभा होता. अश्मक ग्रहावर संध्याकाळी वादळ व्हायचं होतं, त्यासाठी आणलेला. त्याला पंप आणि दोन जाड पाइप जोडलेले. हेमांगीची नजर त्यावर गेली आणि ती पळत सुटली.

"बबनराव, पाणी सोडा."

टँकरवाले बबनराव गोंधळले. "मॅडम, ते संध्याकाळचं पाणी आहे. सरांना विचारलं का?"

"विचारायला वेळ नाही. पाइप खडकाकडे ओढा."

यास्मिन मागोमाग आली आणि तिने हेमांगीचं मनगट धरलं. "हेमांगी, थांब. पाणी लागलं की संपलं ते. तंतूंच्या मधे पाणी शिरलं की प्रकाशाची वाट मोडते, ती पुन्हा जुळत नाही. एकच सूट आहे. दुसरा नाहीये माझ्याकडे."

"आणि माझ्याकडे?"

यास्मिनच्या हाताची पकड आधी घट्ट झाली, मग सुटली. तिने तोंड फिरवलं, आणि पुढच्याच क्षणी स्वतः दुसरा पाइप उचलला.

"वरून नको," ती बसक्या आवाजात म्हणाली. "आडवं मारा. बाजूने भिजलं पाहिजे."

पंप धडधडला. पाण्याची धार खडकावर आदळली आणि तापलेल्या दगडातून वाफ उठली. आधी त्यांनी समोरचा भाग भिजवला, शेवटच्या पावलांच्या पुढचा. पाणी सरळ जात होतं, खडकावर पडत होतं, खळग्यांत गळत होतं. मग उजवीकडे. मग पुन्हा समोर, आणखी पुढे. हेमांगीच्या साडीचा पदर भिजून पायांत येत होता. तिने तो कमरेला खोचला आणि पाइपचं तोंड डावीकडे वळवलं. डावीकडे तो जाईल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

तिथे पाणी हवेत अडलं.

एका मोठ्या खळग्याच्या आत, काठाच्या हातभर खाली, दगडाची एक फळी बाहेर आलेली होती. त्या फळीच्या वर काहीच नव्हतं आणि त्या काहीच नसलेल्या जागेवर थेंब लोंबत होते. थेंबांची एक वाकडी रेघ. खांदा असावा तशी. मग त्या रेघेखाली राखाडी डाग उमटला, शाई सांडल्यासारखा पसरत गेला, आणि त्यातून एक पाठ, एक वाकलेली मान, पोटाशी घेतलेले गुडघे दिसू लागले.

"दिसला! दिसला!" काठावरची माणसं ओरडली.

हेमांगी खडकावर पालथी पडून खळग्याच्या काठापर्यंत सरकली. दोघांनी तिचे पाय धरले होते. गळ्यात अडकवलेली कात्री काढून तिने हूडच्या मागच्या कड्या काढत न बसता कापड सरळ उभं चिरलं. आतून भट्टीचं दार उघडल्यासारखी वाफ तिच्या तोंडावर आली. सौमित्रचा चेहरा लालबुंद होता, घामाचा थेंबही उरलेला नव्हता, ओठ फुटले होते. उजेडाने त्याने डोळे गच्च मिटून घेतले.

"सौमित्र! ऐकू येतंय का?"

त्याचे ओठ हलले. तिने कान जवळ नेला.

"बसलोय ना," तो म्हणाला.

शिरूरच्या एका दवाखान्यात तो दोन दिवस होता. हातात सलाइन, अंगावर ओली चादर. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर मेंदूवर गेलं असतं. अद्वैत फुलं घेऊन येऊन गेला आणि खुर्चीच्या टोकावर बसून राहिला. यास्मिनही आली. तिच्या सात वर्षांच्या कामाचा राखाडी चिंधोटा झाला होता. निघताना तिने सौमित्रच्या पायाला चादरीवरून हात लावला आणि म्हणाली, "पुढच्या वेळी कड्या आतून काढता येतील अशाच करीन."

हेमांगीने एक प्रश्न विचारला नाही. तो तिच्या ओठांवर यायचा आणि ती पाण्याचा ग्लास पुढे करायची. दोर पायाला लागत असताना तू सरळ का गेलास? त्या खळग्याच्या काठावर तू चुकून पोचलास, की?

सौमित्रने फक्त एक गोष्ट सांगितली. "तू माझ्यासाठी शब्द टाकायचीस, हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, मी चांगला आहे म्हणून घेतात."

"सांगायला हवं होतं मी."

"नाही. टाकायलाच नको होता."

त्यानंतर त्यांचं भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं, असं तिला वाटायचं. मालिका सोडून तो घरी होता. सकाळी ओळखीच्या लोकांना फोन करायचा, दुपारी भेटायला जायचा, आणि कुणाला भेटलो ते सांगायचा नाही. यास्मिनने दुसरं कापड विणायला घेतलं, आणि तिच्या मागोमाग आणखी दोन ठिकाणी तसलं कापड तयार होऊ लागल्याच्या बातम्या आल्या. सरकारने नियम काढला की अशा प्रत्येक सुटावर एक तांबडी पट्टी हवी. लोक म्हणाले, ज्याला लपायचंय तो पट्टी कशाला लावील? चहाच्या टपरीवर माणसं रिकाम्या बाकाला हात लावून मग बसू लागली, आधी हसत, मग सवयीने.

हेमांगीचंही तसंच झालं. घरात तिचा फोन वाजला की ती उचलण्याआधी म्हणायची, "सौमित्र, आहेस का?"

"आहे. स्वयंपाकघरात," असं उत्तर यायचं.

एकदा उत्तर अगदी पाठीमागून आलं. तो साध्या लेंग्यात, हातात चहाचे कप घेऊन उभा होता. ती किंचाळली. कप फुटले. दोघंही फुटलेल्या काचा वेचत राहिली, आणि त्याने हळूच विचारलं, "अजून किती दिवस असं?"

अश्मक ग्रहाचा भाग पावसाळा निम्मा सरल्यावर, एका रविवारी संध्याकाळी दाखवला गेला. अद्वैतने फोन करून सांगितलं होतं की ते दृश्य त्याने एका क्षणानेही कापलेलं नाही. हेमांगीला तो भाग बघायचा नव्हता. सौमित्रने मात्र टीव्ही लावला आणि नेहमीसारखा सोफ्यावर न बसता समोर जमिनीवर, पडद्याच्या अगदी जवळ जाऊन बसला.

पहिला संशोधक नाहीसा झाला. दुसरा झाला. मग ओली वाळू आली आणि तिच्यावर पावलं उमटू लागली.

हेमांगी उठली. "मी भाजी बघते जरा."

"थांब ना," तो म्हणाला. "बस इथे."

ती त्याच्या शेजारी जमिनीवर बसली. पडद्यावर वाळू संपली आणि पावलं थांबली. शेजारच्या घरातून कुणीतरी "बाप रे" म्हणाल्याचं ऐकू आलं; तेही हेच बघत होते. कप्तान धावत आली. तिच्या मागे काळा खडक पसरला होता, आणि त्यावर काहीही नव्हतं.

सौमित्रने पडद्यावर बोट टेकवलं.

"हा इथे मी," तो म्हणाला. "दोर इथे वळला. मला कळलं पायाला. मी नाही वळलो."

बोट रिकाम्या खडकावरून सावकाश पुढे सरकत होतं. कॅमेरा हलत नव्हता. एवढ्या लोकांनी, एवढ्या घरांत या घटकेला तो खडक पाहिला असेल, आणि तिथे एक माणूस चालतोय हे फक्त या खोलीत माहीत होतं.

"इथे हवेत गारवा लागला. खालून, पाण्याचा. कळलं की पुढे खळगा आहे. इथे थांबलो." बोट एका काळ्या तोंडाशी थांबलं. "बराच वेळ थांबलो, हेमा. म्हटलं, अजून एक पाऊल टाकून बघू. पडलो तर पडलो."

पडद्यावर कप्तान हाका मारत होती. हेमांगीने त्याचं मनगट धरलं नाही. तिचे हात मांडीवर तसेच होते, बोटं एकमेकांत घट्ट अडकलेली.

"मग?"

"मग काही नाही. मूर्खपणा वाटला. वळलो." बोट खळग्याच्या तोंडापासून मागे फिरलं, वाळूच्या दिशेने निघालं, आणि मग डावीकडे वाकडं भरकटत गेलं. "इकडे यायचं होतं, पण अंधारात दिशाच राहिली नाही. गुडघ्यांवर आलो, तर इथे हात खाली गेला. त्या फळीवर घसरलो. तुझा भोंगा ऐकू आला तो इथे."

"म्हणजे मी हाक मारायच्या—"

"आधी," तो म्हणाला. "तू हाक मारायच्या आधीच वळलो होतो."

त्याने बोट काढलं. पडद्याच्या काचेवर त्याचा पुसट ठसा राहिला होता, खडकाच्या मधोमध. जाहिराती लागल्या तरी हेमांगी तिथेच बघत राहिली.